पिंजऱ्यातले पाखरू आणि धुराचे दिवस



आज मी आपल्याशी एका लहानशा जिवाविषयी बोलणार आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून खाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंत, कितीतरी घरांच्या पडवीत वाशाला एखादा पिंजरा टांगलेला दिसतो. त्यात रंगीत पाखरांची जोडी असते. शाळेतून आलेली मुले दप्तर टाकण्याच्या आधी तिच्याशी बोलतात, आजीबाई आपल्या पानातला घास तिला भरवू पाहतात. आणि मग एखाद्या दिवशी सकाळी त्यांतले एक पाखरू पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेले आढळते. घरात चर्चा होते. कोणी म्हणते, रात्री मांजर येऊन घाबरवून गेले असेल. कोणी म्हणते, दृष्ट लागली. आदल्या रात्री मागच्या माळावर कचरा पेटला होता, किंवा पडवीतच डासांची कॉइल जळत होती, याची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही.

तुम्ही म्हणाल, "प्रोफेसरसाहेब, खराब हवा ती दिल्लीची, फार तर मुंबईची. आमच्या दारात समुद्र आहे." समुद्र आहे हे खरे, आणि त्याचे उपकारही मोठे आहेत. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत शिकलो, शिक्षक मंडळी तर ते दरवर्षी शिकवतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. पण एक वारा थांबून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात हवा पडते, पानसुद्धा हलत नाही. त्यातून हिवाळ्याची पहाट असली की जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्या वर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते. अशा वेळी चुलीचा, कचऱ्याचा, वीटभट्टीचा धूर वर चढत नाही. तो वाडीच्या खोलगट भागात, नारळी-पोफळींच्या खाली, पातळ पडद्यासारखा पसरून राहतो. चांगले ऊन चढेपर्यंत तो हलत नाही. मग खारा वारा सुटतो आणि हवा मोकळी होते.

मुंबईची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथली हवा इतकी बिघडली, की मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की मुंबई समोर पाण्यापलीकडे दिसते. मधल्या पाण्यावर काही भिंत बांधलेली नाही. शिवाय आपल्या घरचे धूर आहेतच. महामार्गाची धूळ आहे, रोहा-धाटाव, महाड, तळोजा इथल्या रासायनिक वसाहती आहेत. आणि शिमग्याच्या मागेपुढे आपल्या शेतांतून राब भाजले जातात. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळे, गवत अंथरून ते पेटवायचे, म्हणजे तणाचे बी जळते आणि राख जमिनीला मिळते. ही रीत आपल्या वाडवडिलांची आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. मी इथे तिला नावे ठेवायला आलो नाही. पण राबाचा धूर जड असतो, आणि तो ज्या घराकडे वळतो त्या घरच्या पाखराला तो चांगलाच भोवतो.

का भोवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवा ज्या वाटेने फुप्फुसात जाते, त्याच वाटेने परत येते. फुप्फुसाच्या टोकांना बारीक बारीक फुगे आहेत. त्यांत थोडी शिळी हवा नेहमीच शिल्लक राहते आणि आलेली ताजी हवा तिच्यात मिसळते. पाखराची रचना निराळी. त्याचे फुप्फुस आपल्यासारखे फुगत नाही. त्याच्या अंगात पातळ पडद्यांच्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. लोहाराचा भाता चालावा तशा त्या चालतात आणि हवा फुप्फुसातल्या नळ्यांतून एकाच दिशेने ढकलतात. श्वास आत घेताना ताजी हवा फुप्फुसातून जाते, आणि गंमत म्हणजे सोडतानाही ताजीच हवा जाते. आत घेतलेला एक श्वास पुरता बाहेर पडायला श्वासाच्या दोन फेऱ्या लागतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदाही फार पातळ. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रातल्या तलावांवर उतरणारा पट्टकादंब त्या विरळ हवेत उडू शकतो, त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

पण जे यंत्र चांगली हवा इतक्या चटकन रक्तात पोचवते, ते वाईट हवाही तितक्याच चटकन पोचवते. त्यात पाखराचे वजन ते किती! ज्यांना आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते बहुधा मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. ते तीस-चाळीस ग्रॅम भरतात, म्हणजे एका लिंबाइतके. माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेतो. हे पाखरू त्याच्या चौपट तरी घेते.

हीच गोष्ट इंग्लंडातल्या खाणकामगारांनी कामाला लावली होती. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, आग लागली, की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी गुंगतो आणि संपतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवले, की बचावासाठी खाली उतरणाऱ्यांनी कॅनरी पक्षी बरोबर न्यावा. माणसाला काही जाणवण्याच्या आधी तो पक्षी डुलायला लागे, दांडीवरून पडे, आणि माणसे मागे फिरत. काही पिंजऱ्यांना तर प्राणवायूची लहानशी नळकांडी जोडलेली असे. पक्षी पडला की दार लावून नळकांडी उघडायची, म्हणजे तो शुद्धीवर येई. १९८६ मध्ये ब्रिटनने ठरवले, की या पक्ष्यांच्या जागी विजेची उपकरणे वापरायची.

त्या कॅनरीसाठी नळकांडी तरी होती. आपल्या पडवीतल्या पाखराला ती नाही, आणि उडून जायला आभाळही नाही. मोकळे पाखरू धूर आला की काय करते? उठते आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसते. १९३० साली किहीमला राहून सालिम अलींनी ज्या सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला, त्यांच्या वंशजांना धुरापासून वाचायला तुमची-माझी गरज नाही. पिंजऱ्यातल्याला आहे. आपण त्याचे उडून जाणे काढून घेतले. तेव्हा धूर येताच त्याला दूर नेण्याचे काम आपसूक आपल्याकडे आले. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट एवढीच. बाकी सारा तपशील आहे.

तपशिलात शिरण्यापूर्वी कायद्याचे एक बोलून टाकतो. आपला राघू, म्हणजे देशी पोपट, तसेच मैना आणि मुनिया, हे पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. "पूर्वापार ठेवत आलो" हे उत्तर तिथे चालत नाही. ज्यांच्या घरी राघू आहे त्यांनी जवळच्या वनखात्याच्या कार्यालयाला कळवावे. पिंजरा उघडून त्याला सोडून मात्र देऊ नये. वर्षानुवर्षे आयते खाल्लेल्या राघूला चारा शोधता येत नाही आणि शिकऱ्यापासून वाचता येत नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते बजरीगर, कॉकटील अशा परदेशी पाखरांच्या धन्यांसाठी आहे, आणि थोडेफार कोंबड्या-कबुतरे पाळणाऱ्यांसाठीही. खरे विचाराल तर उडणारा जीव पिंजऱ्यात असू नये असेच माझे मत आहे. पण घरात आहे त्याचे हाल होऊ नयेत, यात मतभेद असायचे कारण नाही.

आता हवा खराब आहे हे ओळखायचे कसे? सरकारने २०१५ पासून हवेचा निर्देशांक काढला आहे. तो ५० पर्यंत असला तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्याच्या वर खराब, ३०० च्या वर अति खराब आणि ४०० च्या वर गंभीर. मोबाइलवर 'समीर' नावाच्या सरकारी ॲपवर हे आकडे दिसतात. मात्र हे आकडे माणसांसाठी ठरवलेले आहेत. पाखरासाठी एक पायरी अलीकडेच सावध व्हावे. दुसरे असे, की मोजणारे यंत्र बहुतेक गावांत नाही, आणि दूरच्या यंत्राला तुमच्या शेजारचा राब दिसत नाही. म्हणून आपले डोळे वापरावे. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी रोज दिसतात. अलिबागेतून कुलाब्याचा किल्ला दिसतो. प्रत्येक गावाला अशी एखादी टेकडी, एखादे बेट असते. ते एरवीइतके स्पष्ट दिसते का, हे सकाळी पाहावे. धुके असेल तर ते पांढरे आणि ओलसर असते, उन्हाबरोबर विरते. मळकट, तपकिरी छटा असेल, ऊन चढूनही ती जात नसेल, घशाला खवखव होत असेल, तर तो धूर समजावा. त्यातले सर्वांत घातक कण तर दिसतही नाहीत. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा हिस्सा.

मग करायचे काय? पिंजरा घरात घ्यावा, असे कोणीही सांगेल. पण घरातली हवा बाहेरच्यापेक्षा चांगली आहे का, हे आधी पाहायला हवे, बरं का! गॅस आला तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. कौलारू घरात चुलीचा गरम धूर सरळ वर जातो आणि कौलांखाली थर धरून बसतो; मग कौलांच्या फटींतून हळूहळू निसटतो. आणि आपण पिंजरा कुठे टांगतो? वाशाला, उंच, मांजराच्या भीतीने. म्हणजे नेमका त्या धुराच्या थरात! चुलीपुढे बसलेल्या बाईपेक्षा वर टांगलेले पाखरू जास्त धूर खाते. चूल चालू असताना एखादा उभा राहून पाहा, डोळे चुरचुरतील. खाली बसा, कमी होईल. तेव्हा पिंजरा खाली उतरवावा, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवावा, आणि मांजराचा बंदोबस्त दार लावून करावा.

जागा निवडताना चुलीपासून सर्वांत लांबची, आणि धूर ज्या बाजूने येत असेल तिच्या उलट बाजूची खोली घ्यावी. धुराकडच्या खिडक्या तेवढ्या लावाव्यात. दाराच्या फटीशी ओले फडके ठेवले तर जाडी धूळ अडते. बारीक धूर त्याने अडत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. पिंजऱ्यावर प्लॅस्टिक किंवा जाड गोधडी घालून तो बंद करण्याची युक्ती काही जण करतात. ती कधीही करू नये. पाखराला घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकून अंग निववते. मार्च-एप्रिलात आपल्या दमट हवेत पिंजरा झाकला तर धुराने नाही तरी उष्म्याने ते जाईल. म्हणजे धुराच्या दिवसांत एका अंगाला धूर आणि दुसऱ्या अंगाला उकाडा, अशी कात्री असते. तिच्यातून वाट वेळेची आहे. पहाटेपासून धुराचा पडदा उठेपर्यंत पिंजरा आत, खारा वारा सुटला की पडवीत, दिवेलागणीला चुली पेटायच्या आत पुन्हा आत. दोनदा उचलण्याचे श्रम आहेत, पण घरातले एखादे मूल ते आनंदाने करील.

त्या दिवसांत पाखराला खोलीत उडायला सोडू नये. उडताना श्वास वाढतो, आणि श्वासाबरोबर धूर. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे, तळाचा कागद रोज बदलावा, कारण वाळलेली विष्ठा आणि दाण्यांची फोलपटे यांचीही धूळ उडते. ज्यांच्याकडे हवा गाळण्याचे यंत्र असेल त्यांनी ते लावावे. मात्र ओझोन सोडणारे यंत्र पाखराच्या खोलीत नको.

घरातल्या घरात तयार होणारी विषारी हवा हा याच्याहून मोठा प्रकार आहे. डासांची कॉइल, फवाऱ्याचे कीटकनाशक, डांबराच्या गोळ्या, धूप, ऊद, कापूर, अगरबत्ती, ताजा रंग, विडी-सिगारेट, यांपैकी काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. देवघराजवळ पिंजरा ठेवण्याची हौस असते, ती आवरावी. बाळाला धुरी द्यायची असेल तर पाखरू त्या खोलीबाहेर काढावे. (बाळाच्या छातीलाही ती धुरी मानवत नाही, पण तो विषय डॉक्टरांचा.) पावसाळ्यात कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. मघाशी सांगितलेला तो बिनवासाचा वायू तिथेही होतो, आणि तो खोलीतल्या माणसांनाही सोडत नाही.

आणखी एक नवी वस्तू आता खेड्यांतही आली आहे, ती म्हणजे न चिकटणारा काळा तवा, नॉनस्टिक. तो नेहमीच्या आचेवर ठीक असतो. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर त्याच्या लेपातून असा वायू निघतो, की माणसाला फार तर कणकण वाटेल, आणि शेजारच्या खोलीतले पाखरू काही मिनिटांत फुप्फुसात रक्तस्राव होऊन मरते. ज्यांच्या घरी पाखरू आहे त्यांनी आपला बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरावा. भाकरी त्यावरच चांगली होते, हे वेगळे सांगायला नको.

पाखराला त्रास होतो आहे हे कळते कसे? हे अवघड आहे, कारण रानात आजारी दिसणारे पाखरू शिकाऱ्याच्या तोंडी जाते, म्हणून दुखणे लपवण्याची त्यांची जातच आहे. तरी काही खुणा आहेत. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणे, ही पहिली. बडबडे पाखरू गप्प होणे किंवा त्याचा आवाज घोगरा होणे, ही दुसरी. मग पिसे फुगवून बसणे, दांडी सोडून तळाशी येणे, चोच उघडी ठेवणे. चोच उकाड्यानेही उघडते. पण उकाड्यात ते पंख अंगापासून दूर धरते, आणि सावली-पाणी मिळाले की थोड्या वेळात सावरते. सावरले नाही तर छातीचा त्रास समजून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. नेताना भोके पाडलेल्या खोक्यात न्यावे, मुठीत आवळून नेऊ नये. पाखराला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाही. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. मूठ घट्ट धरली की तो बंद! आणि चोचीत पाणी, हळद-दूध, दारूचा थेंब असे काही घालू नये. ते श्वासनळीत उतरते आणि वाचणारे पाखरूही जाते.

कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींसाठी एक सोपी परीक्षा. सकाळी खुराड्याचे दार उघडून, कोंबडीच्या उंचीला वाकून एक श्वास घ्या. डोळ्यांना झोंबले तर विष्ठेतून अमोनिया सुटतो आहे आणि कोंबड्या रात्रभर तोच घेत आहेत. तळ कोरडा करावा, भाताचे तूस पसरावे, वरच्या अंगाला झरोका ठेवावा. कारखान्यातून वायू सुटल्याची वर्दी आली तर मात्र गोष्ट निराळी. तेव्हा आधी माणसांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे, आणि हातासरशी येत असेल तरच पिंजरा घ्यावा.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली दोन नोंदी मुलांकडून रोज करून घ्याव्यात. सकाळी वारा कुठून आहे, आणि गावातली ठरलेली खूण, ती टेकडी किंवा ते बेट, स्पष्ट दिसते का. वाऱ्याची दिशा कळायला यंत्र नको, झेंडा किंवा कोणाच्या तरी चुलीचा धूर पुरतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ही नोंद ठेवली, तर खारे आणि मतलई वारे मुलांना पुस्तकाबाहेर भेटतील. कोणत्या महिन्यात कोणत्या वेळी कोणत्या वाडीवर धूर बसतो, हेही गावाला कळेल. तिसरी नोंद राबाच्या दिवसांपुरती करावी: उद्या कोणाचा राब लागणार आहे. शेतकऱ्याला विचारले की तो सांगतो, त्यात लपवण्यासारखे काही नसते. आदल्या संध्याकाळी ते कळले, म्हणजे पिंजरा वेळेवर घराच्या दुसऱ्या अंगाला नेता येतो, आणि दम्याच्या म्हाताऱ्या माणसालाही.